चिंचेने घासलेले कनेक्टिंग रॉड

दिल्लीत जनकपुरीच्या पुढे रावण अडकला होता. टेम्पोवर आडवा घालून त्याला रामलीलेच्या मैदानाकडे नेत होते, तेवढ्यात त्याचा कागदी मुकुट विजेच्या तारांत गुंतला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक जागच्या जागी थांबली. ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं, मागे वळून हात जोडले. तिथपासून शालिनी आणि तिची मैत्रीण अलकनंदा चालतच होत्या, आणि मायापुरी अजून बरीच लांब होती.

दसऱ्याची सकाळ होती. घरोघरी झेंडूची तोरणं लागलेली, ऊन सोसण्यासारखं. अलकनंदा पुढे, शालिनी दोन पावलं मागे. अलकनंदाच्या खांद्याला भाजीची जाड पिशवी, आणि तीत भाजीऐवजी जुन्या टॉवेलात गुंडाळलेले चार कनेक्टिंग रॉड. तिच्या गाडीच्या इंजिनातले. हातभरापेक्षा लहान, पण पोलादी. एका टोकाला लहान कडं, दुसऱ्या टोकाला मोठं. चालताना ते एकमेकांना लागून खणखण वाजू नयेत म्हणून तिने पिशवी काखेत घट्ट धरली होती, जसं कुणी तान्हं मूल धरावं.

खरं तर त्या द्वारकेहून मेट्रोनेच निघाल्या होत्या. पण स्टेशनात पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि पडद्यावर चार गदा उमटल्या. तिथल्या शिपाई बाईने एक गदा बाहेर काढायला लावली.

"ये क्या है, मैडम?"

"इंजन का पार्ट है. हथियार नहीं है," अलकनंदा म्हणाली.

बाईने टॉवेल बाजूला केला. रॉडवर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक, अशी दोन ठसठशीत बोटं होती. ती शांतपणे म्हणाली, "हथियार नहीं है, तो दशहरे पे इसकी पूजा क्यों की?"

शालिनीला हसू आवरेना, आणि शिपाई बाईलाही. नियमाला तिचाही इलाज नव्हता. तिने रॉड पुन्हा टॉवेलात नीट गुंडाळून दिला आणि दोघींना दसऱ्याच्या शुभेच्छा देऊन जिन्याकडे वळवलं.

आता त्या हळदीकुंकवाची गोष्ट.

अलकनंदाच्या सासूबाई, ज्यांना सगळी सोसायटी माई म्हणते, त्या दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा मांडतात. द्वारकेच्या फ्लॅटमध्ये कसली आलीत हत्यारं, पण माईंचं अडत नाही. विळी, कात्री, अडकित्ता, मुलाचा लॅपटॉप, नातवाचा स्क्रूड्रायव्हर, सगळं पाटावर येतं. आदल्या दिवशी त्यांना बाल्कनीत वर्तमानपत्रावर सुनेचे चार रॉड दिसले. सून बाहेर गेलेली. रॉड काळेकुट्ट, तेलाने माखलेले. देवापुढे असं कसं ठेवायचं, म्हणून माईंनी देवाची भांडी घासतात तसे ते चिंच-मिठाने घासले. खसाखसा. धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून पाटावर मांडले. कनेक्टिंग रॉडचं मोठं कडं दोन तुकड्यांचं असतं. अर्धं कडं दांड्याला, अर्धं टोपीसारखं सुटं, आणि दोन्ही बोल्टने आवळायचे. अलकनंदाने ते तपासायला उघडून ठेवले होते, प्रत्येक टोपी आपापल्या दांड्याशेजारी. माईंनी चार दांडे एका ओळीत लावले आणि चार टोप्या त्यांच्यापुढे, ताटांपुढे वाट्या मांडाव्यात तशा. वर हळद, कुंकू, झेंडूचं एकेक फूल.

कुठली टोपी कुठल्या दांड्याची, हे आता देवालाच ठाऊक.

अलकनंदा घरी आली, पाटासमोर उभी राहिली, आधी नमस्कार केला आणि मग तिथेच फरशीवर बसली. माई कौतुकाची वाट पाहत होत्या. ती म्हणाली, "छान झाली पूजा, आई." आणि उठून तेलाचा डबा घेऊन आली, कारण मीठ लागलेलं लोखंड वाट बघत नाही.

"तुला राग नाही आला?" चालता चालता शालिनीने विचारलं.

"आला ना. पण कुणावर करू? दांड्यांवर रंगाचे ठिपके मीच दिले होते, ते चिंचेनं गेले. बाकी लोक नंबर ठोकतात. मी ठोकत नाही."

"का गं?"

"ठोकलं की तिथे खळगा पडतो. आणि पोलादाला तडा जायचा झाला तर असल्याच खळग्यापासून सुरू होतो. मी नोकरीत हजारदा हेच लिहिलंय. मग आपल्याच रॉडवर कशी ठोकू?"

सकाळी शालिनी सोनं द्यायला म्हणून त्यांच्याकडे गेली होती. दिल्लीत आपटा सहसा मिळत नाही. इथली मराठी माणसं कांचनाची पानं सोनं म्हणून वाटतात, पान तसंच जोडपानाचं असतं. शालिनीने ती पानं ओच्यात घेऊन दार वाजवलं, तर जेवणाच्या टेबलावर भिंगाखाली टोप्या जुळवणं चाललेलं. हे रॉड कारखान्यात आधी अखंड करतात आणि मग मोठं कडं एका हिसक्यात मोडतात, मुद्दाम. मोडलेल्या तोंडांवर जी खडबड उमटते ती फक्त आपल्या जोडीदारालाच बसते. चिक्कीची वडी मोडली की तुकडा त्याच तुकड्याला लागतो, तसं. शालिनीला भिंगातून ते लगेच कळलं आणि एक जोडी तिनेच लावली. माई शेजारी खुर्चीवर बसून होत्या. आपण काय करून ठेवलं ते एव्हाना त्यांना समजलं होतं, आणि त्या एकसारख्या पदराचं टोक पिळत होत्या. अलकनंदाचे यजमान जयंतराव, मंत्रालयातून रिटायर झालेले, पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "माई, माझी निवृत्तीची ट्रॉफी तेवढी राहिलीय घासायची." माईंनी त्यांना अडकित्ता दाखवला.

चारही जोड्या लागल्या. पण प्रश्न संपला नव्हता. घासण्याने त्या मोडलेल्या तोंडांवरचे बारीक कण उडाले असले, किंवा मिठाने गंज धरून आत कण बसले असले, तर आवळल्यावर कडं अगदी गोल होणार नाही. डोळ्यांना दिसणार नाही, पण इंजिनाला कळेल. ते मोजायचं बारीक यंत्र होतं मायापुरीच्या कुलवंतजींकडे. कुलवंतजी दसऱ्याला दुपारी दुकान बंद करणार होते. म्हणून ही पायपीट.

"आणि नाहीच गोल निघालं तर?" शालिनीने विचारलं.

एका सोसायटीच्या भिंतीवरून कांचनाची फांदी बाहेर आली होती, शालिनीने तिची चार पानं तोडून पिशवीत टाकली.

"तर रविवार गेला," अलकनंदा म्हणाली. "आणि हा रविवार गेला की गाडीच गेली."

गाडी लहानशी, चार दारांची, पेट्रोलवरची. पुढच्या महिन्यात तिला पंधरा वर्षं पुरी होत होती. दिल्लीत पंधरा वर्षांच्या गाडीचं काय करायचं याचा नियम दर दोन महिन्यांनी बदलतो, त्यावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. अलकनंदाने कागदपत्रं करून गाडी सांगलीला भावाकडे पाठवायचं ठरवलं होतं. त्याआधी एक रविवार. ग्रेटर नोएडाकडे हौशी लोकांचा एक क्लब शर्यतीचा रस्ता दिवसभरासाठी भाड्याने घेतो आणि आपापल्या गाड्या त्यावर पळवतो. अलकनंदाने नाव दिलं होतं. हे ऐकून सोसायटीत पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता, कारण अलकनंदाइतकं सावकाश गाडी चालवणारं द्वारकेत कुणी नाही. मॅडम निघाल्या असल्या तर मागच्याने सरळ मेट्रो धरावी, असं खालचा गार्डसुद्धा म्हणतो.

पण शालिनीला त्यामागचं ठाऊक होतं. मराठी मंडळाच्या अंकात माणसांबद्दल लिहायची सवय असल्याने ती ऐकून घेते, आणि चालताना माणूस बोलतो.

अलकनंदाच्या वडिलांचं इस्लामपूरला ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. ती शाळेत असताना एकदा एक इंजिन बैलगाडीतून आलं. आतला कनेक्टिंग रॉड तुटून ओतीव बीडाच्या जाड भिंतीतून बाहेर आला होता. मिस्त्री याला खिडकी पडली म्हणतात. त्या खिडकीत पोरीने कोपरापर्यंत हात घातला आणि वडिलांना विचारलं, की एवढासा दांडा एवढी भिंत कशी फोडतो. वडील म्हणाले, जास्त पळवलं इंजिन. तिने विचारलं, जास्त म्हणजे किती? वडिलांना ते सांगता येईना. मग ते शोधण्यात तिचा जन्म गेला.

इंजिनिअर झाली, लग्न होऊन दिल्लीला आली, सरकारी प्रयोगशाळेत लागली. काम काय, तर रॉड ताणून तोडायचे. यंत्रात धरायचा, ओढायचा, सोडायचा, ओढायचा, लाखो वेळा, तुटेपर्यंत. मग तुटलेलं तोंड भिंगाखाली बघायचं आणि अहवालात लिहायचं, की हा रॉड मिनिटाला इतक्या फेऱ्यांपर्यंत सुरक्षित. खाली सही. ती सही देशभरातल्या गाड्यांसाठी चालली.

"लोकांना वाटतं, पेट्रोलच्या भडक्यानं रॉड तुटतो," ती एकदा म्हणाली होती. "भडका रॉडला दाबतो, आणि दाब तो आनंदानं सोसतो. त्याला मारतो तो हिसका. पिस्टन वर धावत जातो, आणि वरच्या टोकाला रॉड त्याला खसकन मागे खेचतो. आडातून भरली बादली काढताना दोरी कधी तुटते? हिसका दिला की. पिस्टन अर्ध्या किलोचासुद्धा नसतो, पण वेग वाढला की वरच्या टोकाला टनभर वजनाएवढी ओढ लावतो. सेकंदाला पन्नास वेळा."

हे शालिनीला पटलं होतं. तिला वाटलं, संसारातसुद्धा तसंच आहे.

आणि एवढं सगळं करून अलकनंदाने स्वतः कधीही एखादं इंजिन त्या लिहिलेल्या आकड्यापर्यंत नेलं नव्हतं. प्रयोगशाळेत यंत्रं होती, गाडी चालवायला चालक होते. स्वतःची गाडी द्वारकेच्या लाल दिव्यांमध्ये, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला तीन हजारांच्या वर कधी गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी येताना तिला ते एकदम जाणवलं.

"एकदाच," ती आता रस्त्याच्या कडेने चालत म्हणाली. "लाल रेघ साडेसहा हजारांवर आहे. तिथपर्यंत माझ्या पायानं न्यायची आहे. तो आवाज मी कधी आतून ऐकला नाही, शालू."

शालिनीने पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला. पुढचा रस्ता दोघींनी मिळून पिशवी धरली.

मायापुरीला कुलवंतजींचं दुकान अर्ध्या शटरने उघडं होतं. म्हातारे सरदारजी लेथ यंत्राशेजारी चहा पीत होते. अलकनंदाला ते नोकरीच्या दिवसांपासून ओळखत, बहनजी म्हणत. त्यांनी टॉवेल उघडला आणि रॉड उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"धोया किसने?"

"मेरी सास ने."

"उमर निकल गई, इतने साफ रॉड नहीं देखे," ते म्हणाले. "माताजी को इधर भेज दिया करो, ऊपर का कमरा खाली है."

मग त्यांनी हसणं बाजूला ठेवलं. टोपी बसवली, जुने बोल्ट घातले. शालिनीने विचारलं, नवे आणलेत ना? तर अलकनंदा म्हणाली, ते इंजिन जोडताना; हा बोल्ट आवळताना ताणला जातो, त्याला एकदाच ताणायचं, मोजण्यासाठी जुनेच चालतील. कुलवंतजींनी मापाने बोल्ट आवळले, मोजायचं यंत्र कड्यात घालून फिरवलं. घड्याळासारख्या तबकडीवर काटा हलला. आडवं, उभं, तिरपं. मग त्यांनी दुसरा घेतला.

शालिनी स्टुलावर बसली होती. तिने डोळे मिटले नाहीत, पण ओठ हलत होते. देवाकडे मागायची तिची पद्धत साधी: काय हवंय ते एकदा सांगायचं आणि मग नाम घेत बसायचं, त्याला घाई करायची नाही. आज मात्र तिने दोनदा सांगितलं.

तिसऱ्या रॉडला कुलवंतजींनी चष्मा पुसला. टोपी काढली, तोंडावरून मऊ ब्रश फिरवला, हवेचा फवारा मारला, पुन्हा बसवली. अलकनंदा टेबलाची कड धरून उभी होती, बोटांची नखं पांढरी झालेली. काटा पुन्हा फिरला.

"माताजी का नमक था," ते म्हणाले. "एक दाना. निकल गया."

चौथा झाला. मग चारही ओळीने ठेवून त्यांनी हात पुसले आणि सांगितलं, की चारही गोल आहेत, जो फरक आहे तो केसाच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही, कंपनीतून आले तेव्हाही याहून बरे नसतील. अलकनंदाने ते ऐकलं आणि स्वतः चारही पुन्हा मोजले. कुलवंतजींना राग आला नाही. न मोजता गेली असती तरच आला असता. निघताना शालिनीने कांचनाचं पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि हे सोनं आहे असं सांगितलं. त्यांनी ते पगडीत खोचलं.

पुढचे दिवस असे गेले, की सेक्टरमधल्या गॅरेजात इंजिन जोडलं गेलं, अलकनंदाने जवळ उभं राहून प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला. मग ती रोज पहाटे गाडी घेऊन द्वारकेच्या रुंद रस्त्यांवर फिरू लागली, नवी बेअरिंग बसण्यासाठी, हळूहळू, जणू आजारातून उठलेल्या माणसाला अंगणात फिरवतेय. वेग नेहमीचाच असल्याने कुणाला फरक कळला नाही.

मुलगा यतीन गुरुग्रामला कंपनीत, शनिवारी आला. त्याचा एक मित्र क्लबात होता आणि लॅपटॉप जोडून इंजिनाची मर्यादा वाढवून देत असे. साडेसहा हजारांना इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, ती रेघ साडेसातला नेली की झालं, सगळे तेच करतात.

"आई, हजारच तर वाढवायचे आहेत यार," यतीन म्हणाला. "बिल्कुल सेफ आहे. त्याची स्वतःची गाडी तशीच पळते."

"किती वर्षं पळतेय?"

"दोन महिने झाले असतील."

"वेग हजारानं वाढतो, पण हिसका त्याच प्रमाणात वाढत नाही, राजा. वेगाच्या वर्गानं वाढतो. दोरीला आधी तीन माणसं लोंबकळत होती, तिथे तू चौथं चढवतोयस. दोरी तुटेलच असं नाही. पण तुटणार नाही अशी सही मी करणार नाही."

"मग हरशील."

"जिंकायचं कुणी म्हटलंय? मला रेघेपर्यंत जायचंय. रेघ सरकवायची नाही." मग म्हणाली, "आणि वेग कमी करताना चुकीचा गिअर टाकू नकोस हे मला सांग, ते जास्त कामाचं आहे. तेव्हा चाकं इंजिनाला पळवतात, कॉम्प्युटर पेट्रोल तोडून बसला तरी काही करू शकत नाही."

यतीनने ते मनावर घेतलं. संध्याकाळभर आईला उभ्या गाडीत बसवून चौथ्यातून तिसरा, चौथ्यातून तिसरा करायला लावलं. माई गॅलरीतून बघत होत्या आणि प्रत्येक वेळी "झालं का?" विचारत होत्या.

रविवारी सगळे गेले. जयंतराव गाडी न चालवता शेजारी बसूनच दमले. माईंनी जायच्या आधी बॉनेटवर कुंकू लावलं, मात्र चिंचेचं नाव काढलं नाही. शर्यतीच्या रस्त्यावर तरुण पोरांच्या रंगवलेल्या, खाली बसवलेल्या गाड्या होत्या. त्यांच्यात ही पांढरी गाडी, मागच्या काचेवर गणपती, अशी उभी राहिली की बघणाऱ्याला वाटावं, कुणी तरी मुलाला डबा द्यायला आलंय. पण क्लबातल्या मुलांनी अलकनंदाला हेल्मेट घालून बघितल्यावर टाळ्या वाजवल्या. एकाने माईंना खुर्ची आणि छत्री आणून दिली. माईंनी त्याला कुणाचा तू, असं मराठीतच विचारलं.

प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. पहिली फेरी. गाडी बाहेर पडली, वळणं घेत लांब सरळ रस्त्यावर आली. शालिनी जाळीला धरून उभी होती. आता तिच्या कानालाही थोडं कळायला लागलं होतं. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि एकदम खाली आला. तिने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला होता.

"पाच हजारसुद्धा नाही," यतीन पुटपुटला.

दुसरी फेरी. आवाज चढला. पहिल्यापेक्षा जास्त. माई खुर्चीत पुढे सरकल्या. शालिनीने नाम सुरू केलं. आवाज चढला, आणि त्याच जागी पुन्हा उतरला, जणू तिथे कुणी दार लावून घेतलं असावं. रंगीत गाड्यांपैकी एक शेजारून सूं करत निघून गेली.

अलकनंदा तिसऱ्या फेरीला न जाता आत वळली आणि शेडसमोर थांबली. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा घामाने डबडबलेला होता, आणि ती हसत होती, पण ते हसणं स्वतःवरचं होतं. जयंतराव पाणी घेऊन धावले. यतीन म्हणाला, गाडी ठीक आहे ना, आवाज तर एकदम मस्त आहे. गाडी उत्तम होती. तेलाचा दाब बरोबर, तापमान बरोबर. माईंनी लांबूनच विचारलं, माझ्या घासण्यामुळे तर नाही ना? सुनेने मोठ्याने सांगितलं, की नाही, आई, तुमचे रॉड एकदम चोख आहेत, पाय माझा ऐकत नाहीये.

यतीनने सुचवलं, की मी चालवतो, तू शेजारी बस, आवाज तर तोच ऐकू येईल. तिने मान हलवली. जयंतराव म्हणाले, मी बसतो तुझ्याबरोबर. तिने त्यांच्याकडे प्रेमाने बघितलं आणि सांगितलं, की तुम्ही बसलात तर मी तुमच्या रक्तदाबाकडे बघेन, काट्याकडे नाही.

एक जण शेजारी बसायची परवानगी होती, हेल्मेट घालून. जादा हेल्मेट टेबलावर पडलेलं होतं. अलकनंदाने ते उचललं, आतून हाताने चाचपलं आणि जाळीपाशी शालिनीजवळ आली.

शालिनीने आयुष्यात ताशी साठाच्या वर प्रवास केला असेल तो रेल्वेने. तिला मागे सरकावंसं वाटलं, पण जाळी होती.

"ऐक," अलकनंदा हळू आवाजात म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मी तीस वर्षं आकडा लिहिला, तो दुसऱ्याच्या जिवासाठी. स्वतःसाठी मला तो कधी लागलाच नाही. म्हणून एकटी असले की पाय उचलतो, त्याला काय, घरी जाऊन चहा प्यायचाय. दुसरं माणूस शेजारी असलं की मग मला माझा आकडा खरा आहे की नाही ते ठरवावंच लागेल. आणि तू कुलवंतजींकडे होतीस. तू काटा फिरताना बघितलास."

"बघितला," शालिनी म्हणाली. तो तिने खरंच बघितला होता, चारही वेळा, आणि त्या वेळी देवाकडे जे मागितलं होतं ते मिळालंही होतं. तेव्हा मागताना, पुढे आपल्यालाही काही द्यावं लागेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

मागे तिसऱ्या फेरीसाठी नाव पुकारत होते. अलकनंदाने हेल्मेट दोन्ही हातांनी पुढे धरलं, दसऱ्याचं सोनं द्यावं तितक्या अदबीने.

"शालू, अंबाडा सोड. याच्यात बसायचा नाही. आणि माझ्या शेजारी बस, एवढी एकच फेरी."